उसनी हिरवाई

बुरशीसरांना झाडं ओळखता येत नाहीत, ही गोष्ट कॉलेजात कुणालाही ठाऊक नव्हती, आणि ती कळू द्यायची सरांनाही काही घाई नव्हती. ते वनस्पतीशास्त्राचे विभागप्रमुख होते. विभागात ते एकटेच असल्यामुळे त्यांच्या प्रमुखपणाला कुणी हरकत घेतली नव्हती. त्यांची डॉक्टरेट पावावर येणाऱ्या बुरशीवर होती. घरात पावाला हिरवट डाग पडला की इतर माणसं पाव टाकून देतात, सर चष्मा शोधायला उठत. झाड म्हणजे बुरशीला बसायला मिळालेली एक जागा, एवढाच त्यांचा झाडांशी संबंध. पण लोकांना हे कुठं कळतं? बँकेत नोकरी करणाऱ्याकडे पैसे असतात आणि वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्याला झाडं कळतात, अशी लोकांची भाबडी समजूत असते. रस्त्यात थांबवून कुणी विचारलंच, "हे कसलं हो झाड?" तर सर एक पान तोडत, उलटं करून बघत, हुंगत, आणि "स्थानिक जात आहे" म्हणून पुढं चालू लागत. इतक्या वर्षांत एकाही झाडानं त्यांना खोटं पाडलं नव्हतं.

अशा सुखात असताना प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

"सर, आपल्या आवारात किती प्रकारची झाडं आहेत?"

"भरपूर आहेत."

"भरपूर नको, आकडा सांगा."

"मोजावी लागतील."

"मोजू नका," प्राचार्य घाईघाईनं म्हणाले. "आकडा ऑलरेडी गेलाय. दीडशे."

झालं होतं असं, की कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती, आणि तिला आधी पाठवायचा अहवाल इंग्रजीच्या सरांनी लिहिला होता. त्यांची वाक्यं चांगली असतात म्हणून दरवेळी त्यांनाच सांगतात. त्यांच्या वाक्यात आकड्याची जागा आली की कानाला बरा वाटेल तो आकडा ते घालतात. 'दीडशे प्रकारच्या वृक्षवेलींनी नटलेलं हिरवंगार आवार' असं ते वाक्य होतं. त्यातच पुढं पक्षीही होते, पण पक्ष्यांचं एक बरं असतं, आत्ताच उडाले म्हणता येतं.

सरांनी प्राचार्यांचं न ऐकता मोजणी केली. चाळीसच्या आतच गाडी थांबली, आणि त्यातही गवत त्यांनी दोनदा धरलं होतं, एकदा ओलं आणि एकदा वाळलेलं. समिती गुरुवारी येणार होती. प्राचार्य म्हणाले, "तुमचा विषय आहे. तुम्ही बघा." ज्या कामाचं काय करायचं हे सुचत नाही, ते काम नेहमी कुणाचा तरी विषय असतं.

झाडं विकत घ्यावीत, हा साधा विचार घेऊन सर हेडक्लार्ककडे गेले. हेडक्लार्क हा असा माणूस होता, की त्याच्या टेबलापर्यंत गेलेला साधा विचार साधा राहत नसे.

"झाडं कशात बसवायची?" त्यानं विचारलं.

"कुंडीत."

"तसं नाही सर. खर्च कशात बसवायचा? फर्निचर आहे, काचसामान आहे, स्टेशनरी आहे. झाड यात कुठंच बसत नाही. झाड जिवंत आहे."

"मग जिवंत वस्तूंचं काहीच नाही का?"

"आहे की. प्राणीशास्त्राचे बेडूक आहेत. बेडकांमधून घेऊन टाकतो हवं तर. पण मग वर्षाच्या शेवटी झाडं चिरली म्हणून दाखवावं लागेल."

सर घरी आले. दाराशी येऊन किल्ली शोधताना त्यांचं लक्ष समोरच्या काकूंच्या दाराकडे गेलं. काकूंच्या दारात कुंड्या होत्या. जिन्यात होत्या, गॅलरीत होत्या. वरच्या मजल्यावर निवृत्त ओव्हरसियर राहत, त्यांच्या गॅलरीतून निवडुंग खाली डोकावत होते. रोज या सगळ्याला पायात आलं म्हणून मनातल्या मनात शिव्या देणारे सर त्या दिवशी तिथंच थबकले. एकट्या त्या इमारतीतच दीडशेच्या पुढं प्रकार असतील. दोन दिवसांसाठी न्यायचे आणि परत आणून द्यायचे, कुणाचं काय जाणार होतं?

काकूंनी आधी साफ नकार दिला. "झाडं काय खुर्च्या आहेत का, कार्यापुरत्या न्यायला?" पण मोठी समिती येणार आणि तिचे अध्यक्ष एकेका झाडापुढं उभे राहून बघणार, हे कळल्यावर त्या विचारात पडल्या. काकूंचं फर्न नामांकित होतं, पण ते बघायला अजूनपर्यंत दूधवाल्याखेरीज कुणी आलेलं नव्हतं.

"एकच नेईन म्हणत असाल तर न्या," त्या म्हणाल्या. "पण सकाळी त्याला हाक मारायची. नाहीतर रुसतं."

"काय म्हणून हाक मारायची?"

"फर्न म्हणून. दुसरं काय म्हणणार?"

काकूंचं फर्न समितीपुढं जाणार ही बातमी वर पोचायला वेळ लागला नाही. ओव्हरसियर स्वतः खाली आले. त्यांनी आयुष्यभर पूल तपासले होते आणि निवृत्तीनंतर ते तपासायला माणसं शोधत असत. आपले सगळे निवडुंग त्यांनी देऊ केले, पण सटीप. "पाणी घालायचं नाही. एक थेंबही नाही. घातलंत तर मला बघताक्षणी कळेल. आणि ते फर्नच्या शेजारी ठेवायचे नाहीत. त्या फर्नला दमट हवा लागते, माझ्या निवडुंगांना सर्दी होते."

मग काय, सगळी इमारतच पुढं सरसावली. ज्या माणसांनी जिन्यातला दिवा बदलायला कधी वर्गणी दिली नव्हती, ती कुंड्या उचलून आणू लागली. एकानं तर बादलीत वाढवलेला रताळ्याचा वेल आणला आणि तो दुर्मीळ असल्याचं सांगितलं. टेम्पोत कुंड्या चढत होत्या, सर हातवारे करत होते, आणि आपण काहीतरी चळवळ उभी केली आहे असं त्यांना वाटायला लागलं होतं. तेवढ्यात काकूंनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "आणि तुमच्या घरचं?"

सरांच्या घरी एकच झाड होतं, आणि ते बाईंचं होतं.

सरांची बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळं सगळी इमारत तिला बाई म्हणायची, आणि सरही मनातल्या मनात तिला बाईच म्हणत. बाई सध्या माहेरी गेल्या होत्या, वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना त्यांनी दूध, गॅस, किल्ल्या या सगळ्याबद्दल एकदा सांगितलं होतं आणि झाडाबद्दल दोनदा. स्वयंपाकघराच्या खिडकीत तेलाच्या जुन्या डब्यात ते लिंबाचं झाड होतं. बाईंनी ते बी लावून वाढवलं होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षापासून ते होतं, तीन बिऱ्हाडं बदलली तरी ते बाईंच्या मांडीवर बसून आलं होतं. त्याला कधी फूल आलं नाही, फळाचा तर प्रश्नच नव्हता. पण बाई रोज सकाळी त्याची पानं ओल्या फडक्यानं पुसत. "माझ्या झाडाला हात लावायचा नाही," हे वाक्य सरांनी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं होतं.

"ते... ती गावाला गेलीय," सर म्हणाले.

"म्हणजे आमची झाडं चालतात आणि तुमचं तेवढं घरात?" ओव्हरसियर म्हणाले.

 एका शेजारणीनं आपली कुंडी परत उतरवायला हात घातला. चळवळीच्या पुढाऱ्यावर असा प्रसंग आला की तो विचार करत नाही. सर वर गेले, तेलाचा डबा उचलून घेऊन आले आणि टेम्पोत सगळ्यात पुढं ठेवला. समिती शुक्रवारी दुपारी जाणार, बाई शनिवारी येणार. शुक्रवारी संध्याकाळी डबा परत खिडकीत. हिशोब इतका सोपा होता की गणिताच्या बाईंनाही त्यात चूक सापडली नसती.

बुधवारी आवारात कुंड्या रांगेत मांडून झाल्या. प्रत्येक झाडाला नावाची पाटी हवी होती. बहुतेकांची नावं सरांना माहीत नव्हती, त्यामुळं त्यांनी लॅटिनचा आधार घेतला. लॅटिनचा मोठा गुण म्हणजे ते वाचणारा वाद घालत नाही. फक्त एका पाटीवर त्यांनी ठळक अक्षरात आणि खात्रीनं मराठी नाव लिहिलं, 'लिंबू'. निदान एक झाड आपल्याला ओळखता येतं, याचं त्यांना त्या घटकेला समाधान वाटलं. मग 'झाडांना हात लावू नये' अशी एक मोठी पाटी रोवून, दमून ते घरी गेले.

ते गेल्यावर शेजारच्या कॉलेजातून प्राचार्यांना फोन आला. त्यांच्याकडे ही समिती येऊन गेली होती. समिती कुंडीतली झाडं मोजत नाही, मुळं जमिनीत असली तरच झाड धरते, असं त्यांनी सांगितलं. प्राचार्यांनी सरांना फोन लावला, पण सर आंघोळीला गेले होते. मग त्यांनी जिमखान्याच्या सरांना सांगितलं. जिमखान्याचे सर हा कामाला वाघ माणूस होता. कबड्डीचं मैदान एका दुपारात उखडून दुसरीकडे आखणारा. त्यांनी स्वयंसेवक जमवले, खड्डे खणले, कुंड्या फोडल्या, झाडं जमिनीत पुरली, आणि दिवस मावळायच्या आत होज पाईप घेऊन सगळ्यांना सारखं पाणी घातलं. निवडुंगांनाही. कुणावर अन्याय नको म्हणून.

गुरुवारी सकाळी सर फर्नला हाक मारायला म्हणून लवकर आले. फाटकातून आत शिरल्यावर आधी त्यांना वाटलं, आपण चुकीच्या कॉलेजात आलोय. दुतर्फा झाडं डौलात उभी होती आणि जिमखान्यामागं फुटक्या कुंड्यांचा ढीग होता. ढिगावर एक तेलाचा डबा होता, रिकामा.

"कसं वाटतंय, सर?" जिमखान्याचे सर छाती काढून म्हणाले. "आता वर्षानुवर्षं हलणार नाहीत."

सरांना खाली बसावंसं वाटलं, पण खाली सगळीकडे पाणी घातलेलं होतं.

समिती आली. तिच्या पाठोपाठ काकूही आल्या. नवी साडी नेसून, आपल्या फर्नचा कौतुकसोहळा बघायला. त्यांना आलेलं बघून ओव्हरसियर आले. फाटकावर त्यांना अडवल्यावर ते म्हणाले, "माझी मालमत्ता आत आहे."

फर्न जमिनीत उभं असलेलं बघून काकूंनी त्याच्यावर पदराची सावली धरली. ओव्हरसियर निवडुंगाजवळ गेले, मातीत बोट खुपसलं, बाहेर काढून बघितलं, आणि सरांकडे असं बघितलं की सरांना आपण कोसळलेला पूल आहोत असं वाटलं. नेमके तेवढ्यात अध्यक्ष तिथं पोचले.

"हे कोण?"

"स्थानिक नागरिक," सर म्हणाले. वाक्य बरं आलं.

"याला उन्हात कुणी लावलं?" काकू अध्यक्षांनाच विचारू लागल्या. "मेलं ना ते. आणि या माणसाचे काटे माझ्या फर्नला टोचतायत."

"तुमच्या फर्नमुळं माझा निवडुंग सडणार आहे, ते नाही दिसत," ओव्हरसियर म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांना इतक्या कॉलेजांतून फिरताना झाडांवरून भांडणारे नागरिक कुठंच भेटले नव्हते. "झाडांविषयी एवढी आस्था," ते सदस्यांना म्हणाले, "हा खरा लोकसहभाग." सदस्यांनी ते टिपून घेतलं.

मग अध्यक्ष एका झाडापुढं थांबले आणि त्यांनी सरांना तो जीवघेणा प्रश्न विचारला, "हे कसलं हो झाड?" पाटीवरचं लॅटिन सरांना स्वतःलाच वाचता येईना. त्यांनी पान हातात घेतलं, उलटं केलं, आणि काय आश्चर्य, पानाच्या मागं बारीक करडे ठिपके होते. सरांचा चेहरा उजळला. जत्रेत हरवलेल्या माणसाला गाववाला भेटावा तसं झालं. त्या बुरशीबद्दल ते बोलू लागले. तिचं कूळ, तिच्या सवयी, तिच्या चुलत्या, तिच्याविषयी परदेशात झालेले वाद. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा सदस्यांकडे बघितलं, आणि उरलेल्या एकाही झाडाचं नाव न विचारता ते चहाकडे निघून गेले.

शुक्रवारी समिती खूष होऊन गेली. जाताना अध्यक्ष म्हणाले, "ही हिरवाई जपा. पुढल्या भेटीत मी स्वतः बघणार." प्राचार्यांनी लगेच फतवा काढला, आवारातलं एकही झाड हलवायचं नाही. सर धावत हेडक्लार्ककडे गेले.

"एकच न्यायचंय. माझ्या घरचं आहे."

"कुंडीत होतं तोवर जंगम होतं," हेडक्लार्क म्हणाला. "आता मुळं जमिनीत गेली. स्थावर झालं. स्थावर मालमत्ता काढून द्यायला संचालक मंडळाचा ठराव लागतो."

"ते माझं झाड आहे हो."

"जमीन कॉलेजची आहे ना? मग तुम्ही झाड दिलंत असं झालं. आभाराचं पत्र मिळेल."

कॉलेज सुटल्यावर सर घरून आणलेला कालथा खिशात घालून झाडाकडे गेले. इकडंतिकडं बघून ते उकिडवे बसले आणि माती उकरू लागले. एवढ्या मोठ्या पदवीचा माणूस कालथ्यानं स्वतःच्याच बायकोचं झाड चोरतोय, हे कुणी बघितलं तर काय म्हणेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि बघतात तर रखवालदार मागं उभा होता.

"सर, हात लावायचा नाही म्हणून पाटी आहे."

"अरे, मीच लावलीय ती पाटी."

"म्हणून तर म्हणतो."

सर उठले. गुडघ्याला चिखल लागला होता. बाईंना काय सांगायचं? बाई रागावल्या असत्या तर सरांनी ते सहन केलं असतं, त्याची त्यांना चांगली सवय होती. पण बाई त्या झाडाच्या बाबतीत रागवायच्या नाहीत, गप्प होतील, हे त्यांना कळत होतं, आणि त्या गप्प बसण्याची त्यांना खरोखर भीती वाटली.

जिमखान्यामागचा तेलाचा डबा तेवढा त्यांनी उचलला आणि ते नर्सरीत गेले.

"लिंबाचं झाड हवं. या डब्यात बसेल असं. जरा थकलेलं."

"थकलेलं?" नर्सरीवाल्यानं विचारलं.

"बरीच वर्षं खिडकीत काढल्यासारखं."

थकलेलं लिंबू नर्सरीत नव्हतं. होतं ते ताजंतवानं होतं आणि त्याला एक छोटं, हिरवं, गोल लिंबू लागलेलं होतं. सर आधी घाबरले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. उलट हे छानच झालं. इतकी वर्षं वाट बघितल्यावर बाई घरी येणार आणि झाडाला लिंबू. त्या आनंदात पानं कोण मोजत बसणार? झाड डब्यात बसवून सरांनी ते खिडकीत ठेवलं, लिंबू खोलीच्या बाजूला वळवलं, आणि ओल्या फडक्यानं एकेक पान पुसलं. त्यांना स्वतःलाही फरक कळेना. यात विशेष काही नव्हतं म्हणा.

शनिवारी बाई आल्या. वडिलांना आता बरं दिसतंय, आईचे गुडघे दुखतात, असं सांगत त्या स्वयंपाकघरात गेल्या. बोलणं मध्येच थांबलं. सर दाराशी जाऊन उभे राहिले. बाई खिडकीपुढं उभ्या होत्या.

"अहो, याला लिंबू आलंय."

"आलं ना," सर भरल्या आवाजात म्हणाले. "तुला एकदम दाखवावं म्हणून फोनवर बोललो नाही. शेवटी धरलं बघ."

बाईंनी लिंबाखाली हात धरला, त्याला हलकेच उचलून बघितलं.

"पण लिंबू कसं आलं?"

"म्हणजे?"

"संत्र्याला?"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. सरांना त्या ठिबकण्याचा आधार वाटला.

"ते... संत्र्याचं होतं?"

"इतकी वर्षं संत्र्याचंच होतं. तुम्हाला काय वाटलं?" बाई म्हणाल्या. मग खुर्ची ओढून त्या शांतपणे बसल्या. वर्गात पळवाट काढणाऱ्या मुलीला फळ्याजवळ बोलावतात तशा आवाजात त्या म्हणाल्या, "माझं झाड कुठंय?"

सरांनी सगळं सांगितलं. पक्षी, बेडूक, टेम्पो, होज पाईप, कालथा, काहीच वगळलं नाही. बाई एकदाही हसल्या नाहीत. सर ज्याला घाबरत होते तेच झालं, त्या काही बोलल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कॉलेजात गेले. सुट्टी असूनही आवार गजबजलेलं होतं. काकू फर्नवर जुनी साडी बांधून सावली करत होत्या, आणि ओव्हरसियर निवडुंगाभोवती पाणी वाहून जायला उताराचा चर खणून घेत होते. रताळ्याच्या वेलाचा मालक कुंपणावर वेल चढवत होता. झाडं नेता येत नाहीत म्हटल्यावर मालक झाडांपाशी आले होते, आणि रखवालदारानं त्यांच्यापुढं हात टेकले होते.

बाई सरळ आपल्या झाडाकडे गेल्या. वाकून त्यांनी पानं बघितली. खिडकीत ती कायम एका अंगाला, काचेकडे वळलेली असायची. आता चारी बाजूंना मोकळी दिसत होती. बाईंनी पदराच्या टोकानं एक पान पुसलं. सर अपराध्यासारखे मागं उभे होते.

"मी प्राचार्यांशी भांडतो," ते म्हणाले. "ठराव आणतो. काढून घरी नेऊ."

"नको," बाई म्हणाल्या. "आता मुळं दुखावतील. डब्यात त्याला पुरत नव्हतं, मला कळत होतं. दुसरीकडे लावायला जागा कुठं होती आपल्याकडे."

सरांना खूप वाईट वाटलं. खरंच वाटलं. 'लिंबू' लिहिलेली पाटी त्यांनी ओढून काढली. जागेवरून काही हलवू नये, असं रखवालदार लांबून ओरडला, पण सरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेन काढून पाटीच्या मागं त्यांनी 'संत्रं' असं लिहिलं आणि ती पुन्हा मातीत रोवली.

"हे बी तुला कुठं मिळालं होतं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता.

"तुम्हीच दिलं होतंत. मला कावीळ झाली तेव्हा. दवाखान्यात तुम्ही माझ्या शेजारी बसून संत्रं सोलत होतात."

सरांनी कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं. "दवाखाना आठवतो," ते म्हणाले. "खिडकीखाली भिंतीला काळी बुरशी आली होती."

"आली होती. तुम्ही तिच्याकडेच बघत होतात. हात तेवढे संत्रं सोलत होते. एकेका फोडीची शीर काढून देत होतात."

 सरांनी हळूच विचारलं, "गोड होतं का?"

"आंबट होतं," बाई म्हणाल्या. "पण मी सगळं खाल्लं."